सोन्याची लोंकर आणि परतीची वाट

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं आठव्या इयत्तेच्या वर्गांत जेसन या ग्रीक वीराची कथा आम्ही सांगत होतों. सोन्याची लोंकर हातीं आली, आर्गो जहाजानें शीड उभारलें, वीर स्वदेशीं पोहोंचले, येथें कथा संपवून आम्हीं पुस्तक मिटलें. घंटा होण्यास अद्याप अवकाश होता. इतक्यांत मागच्या बांकावरील एका विद्यार्थिनीनें उभें राहून विचारलें, “सर, जिनें त्याला मदत केली, त्या मीडियाचें पुढें काय झालें?” आम्हीं तिला “तें तूं मोठी झालीस म्हणजे वाच,” असें कांहींसें उत्तर देऊन खालीं बसविलें. उत्तर आम्हांस ठाऊक होतें. तें सांगण्याचें धैर्य झालें नाहीं, हेंच खरें. वर्ग सुटला, परंतु तो प्रश्न आमच्याबरोबर घरीं आला आणि पुष्कळ दिवस मुक्कामास राहिला. त्याचें राहून गेलेलें उत्तर या वार्षिकांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वी एका आक्षेपाचा परामर्श घेणें अवश्य आहे. ख्रिस्ती शाळेंत ग्रीकांच्या देवदेवतांच्या आणि राक्षसांच्या या कल्पित कथा कशाला, असें कांहीं पालक आम्हांस सद्‌भावानें विचारतात. त्यांस आमचें नम्र उत्तर असें कीं, हा प्रश्न आजचा नाहीं. चवथ्या शतकांतील कैसरियाचे बिशप बॅसिल यांनीं तरुणांनीं ग्रीक वाङ्‌मय कसें वाचावें याविषयीं एक स्वतंत्र निबंध लिहिला आहे. मधमाशी सर्वच फुलांवर बसत नाहीं, आणि ज्यावर बसते त्यांतलेंही सर्वच घेत नाहीं, उपयोगी तेवढें घेऊन उडते. वाचकानें तसें करावें, असा त्यांचा अभिप्राय आहे. इंग्लंडांतील धर्मोपदेशक चार्ल्स किंग्स्ली यांनीं पर्सियस, जेसन व थीसियस यांच्या कथांचें पुस्तक १८५६ सालीं प्रसिद्ध केलें, तें स्वतःच्या मुलांसाठीं. फार काय, प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायांत, मिलिता बेटावर तीन महिने काढून पौल रोमकडे निघाला त्या जहाजाची निशाणी दियस्कुरै, म्हणजे जुळे भाऊ, ही होती, असा उल्लेख आहे. हे जुळे भाऊ म्हणजे कॅस्टर व पॉलिड्यूसीझ. जेसनाबरोबर आर्गोवर वल्हें मारणाऱ्या वीरांपैकीं ते दोघे. त्या जहाजावर पाय ठेवण्यास पौलाला संकोच वाटल्याचें लूकानें लिहिलेलें नाहीं. तेव्हां या कथा मुलांस सांगाव्या कीं नाहीं, हा आमच्या मतें खरा प्रश्नच नव्हे. त्या कोठपर्यंत सांगाव्या, हा खरा प्रश्न आहे.

जेसनाची कथा बहुतेकांस ठाऊक आहे. तरी तिचा सांगाडा येथें मांडतों. आयोल्कस नगरीचें राज्य त्याच्या बापाचें, तें पेलियस नांवाच्या चुलत्यानें बळकाविलें. मूल जेसन पेलियन पर्वतावर कायरन नामक अश्वमानवापाशीं वाढला. तरुण होऊन तो आपला हक्क मागण्यास निघाला, तेव्हां नदी ओलांडतांना त्याच्या एका पायांतील वहाण वाहून गेली. एका पायांत वहाण घातलेल्या माणसापासून संभाळून राहा, असा देववाणीचा इशारा पेलियसाला पूर्वींच मिळालेला होता. भिऊन त्यानें युक्ति केली. कोल्किसच्या राजाकडील सोन्याची लोंकर आण, म्हणजे राज्य देतों, असें तो म्हणाला. त्याच्या मनांतला हेतु एवढाच कीं, हा पुन्हां परत येऊं नये.

हें कोल्किस काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यास, आजच्या जॉर्जिया देशांत होतें. तेथील लोक ओढ्यांच्या पाण्यांत लोंकरीचीं कातडीं धरून सोन्याचे कण गोळा करितात व त्यावरूनच ही कथा निघाली असावी, असें स्ट्रेबो या प्राचीन भूगोलकारानें लिहून ठेविलें आहे. टिम सेव्हरिन या प्रवाशानें १९८४ सालीं वीस वल्ह्यांचें जुन्या धर्तीचें एक जहाज बांधवून ग्रीसपासून जॉर्जियापर्यंत प्रत्यक्ष प्रवास करून दाखविला. तेव्हां कथा कल्पित असली तरी तिची वाट अगदींच कल्पनेंतली नव्हे.

आतां वाचकांनीं एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. या मोहिमेंत जेसनानें एकट्यानें असें काय केलें? जहाज आर्गस नांवाच्या कारागिरानें बांधलें, तेंही अथीनी देवीच्या साह्यानें. वल्हीं मारण्यास सुमारें पन्नास वीर आले. आंधळ्या फिनियसाचें अन्न नासविणाऱ्या पक्षिणींस झीटीझ व कॅलेइस या पंख असलेल्या भावांनीं पिटाळून लाविलें. म्हणून त्या वृद्धानें पुढची वाट सांगितली. एकमेकांवर आदळणाऱ्या खडकांमधून आधीं एक कबूतर सोडा, तें पार झालें तर तुम्हीही व्हाल, ही युक्ति त्याचीच. कबूतराच्या शेपटीचीं टोंकाचीं पिसें गेलीं, आणि जहाजाच्या पिछाडीचेंही थोडेंसें टोंक गेलें. जलकन्यांच्या मोहक गाण्यापासून सर्वांस वांचविलें तें ऑर्फियसाच्या वीणेनें. आणि कोल्किसांत पोहोंचल्यावर तर सर्व भार त्या राजाची कन्या मीडिया हिनेंच उचलला. अग्नि ओकणारे बैल जुंपावयाचे होते, तेव्हां अंग न भाजणारा लेप तिनें दिला. पेरलेल्या सर्पदंतांतून सशस्त्र योद्धे उगवणार होते. त्यांच्यामध्यें दगड टाक, म्हणजे ते आपसांत लढून मरतील, हें तिनें शिकविलें. लोंकरीवर पहारा करणाऱ्या निद्राहीन सर्पाला तिनेंच झोंपविलें. याच्या बदल्यांत तिनें देश सोडला, बाप सोडला, आणि त्या पलायनांत तिचा भाऊही प्राणास मुकला. तुला धर्मपत्नी करीन, असें जेसनानें देवांना साक्षी ठेवून तिला वचन दिलें होतें.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांतील अपोलोनियस कवीनें आपलें चार सर्गांचें काव्य जहाज स्वदेशाच्या किनाऱ्यास लागतें तेथेंच संपविलें आहे. आम्हींही पुस्तक तेथेंच मिटलें होतें. परंतु त्या कवीच्या सुमारें दोन शतकें आधींच, ख्रिस्तपूर्व ४३१ मध्यें, युरिपिडीझ या नाटककारानें पुढची गोष्ट अथेन्सच्या रंगभूमीवर सांगून टाकिली होती. जेसन व मीडिया करिंथ नगरांत राहत होतीं. त्यांस दोन मुलगे झाले होते. तेथील राजकन्येशीं विवाह केल्यास आपलें भलें होईल, असें जेसनास वाटलें. त्यानें वचन मोडलें आणि परदेशांत, जिला मागें फिरण्यास घर उरलें नव्हतें अशा स्त्रीला वाऱ्यावर सोडलें. पुढें मीडियानें सूडाच्या भरांत जें केलें तें अत्यंत घोर आहे. तिनें स्वतःच्या मुलांचाही घात केला. त्या कृत्याचें समर्थन कोणीही करूं शकणार नाहीं, आणि आम्हीही करीत नाहीं. तथापि त्या अग्नीची पहिली ठिणगी कोणी टाकली, हें विसरून चालणार नाहीं. एका परंपरेप्रमाणें जेसन म्हातारपणीं एकटाच, किनाऱ्यावर कुजत पडलेल्या आर्गोच्या छायेंत बसला असतां, त्या जहाजाचेंच एक लांकूड अंगावर पडून मरण पावला. ज्या जहाजानें कीर्ति दिली, त्यानेंच शेवट केला. लोंकरीचें पुढें काय झालें, याची फारशी चौकशी मग कोणी करीत नाहीं.

वाचकांस वाटेल, हा एकट्या जेसनाचा दोष. परंतु थीसियसाचें पाहा. अथेन्सहून क्रीट बेटावर सात तरुण व सात तरुणी मिनोटॉर नांवाच्या नरवृषभाच्या भक्ष्यासाठीं पाठवाव्या लागत. थीसियस स्वतः होऊन त्यांपैकीं एक झाला; हें त्याचें शौर्य निःसंशय मोठें होय. परंतु त्या भूलभुलैयांत शिरणें जितकें कठीण, त्याहून बाहेर पडणें कठीण. राजकन्या एरिअ‍ॅड्नी हिनें त्याला दोऱ्याचा गुंडा दिला. त्याचें टोंक दाराशीं बांधून तो आंत गेला आणि त्याच दोऱ्याच्या आधारें बाहेर आला. पुढें नॅक्सॉस बेटावर ती झोंपली असतां तो तिला तेथेंच टाकून निघून गेला. देवाची तशी आज्ञा होती, असा कांहीं कवींनीं त्याचा बचाव केला आहे. परंतु बचाव करावा लागला यांतच सर्व आलें.

थीसियसाची दुसरी विस्मृति याहून प्रसिद्ध आहे. मी जिवंत परतलों तर जहाजास पांढरें शीड लावीन, नाहीं तर काळें तसेंच राहील, असें त्यानें आपल्या वृद्ध पित्याला सांगितलें होतें. विजयाच्या आनंदांत शीड बदलावयाचें राहिलें. राजा ईजियस रोज समुद्राकडे पाहत असे. काळें शीड दृष्टीस पडतांच त्यानें प्राण टाकिला. समुद्रांत उडी घेतली म्हणून त्या समुद्रास ईजियन हें नांव पडलें, असें ग्रीक लोक सांगत. ज्यानें राक्षसाला मारलें, त्याच्या हातून एक शीड बदलण्याचें साधें काम झालें नाहीं, आणि तेवढ्यानें त्याचा बाप गेला.

या कथा रचणाऱ्या ग्रीकांस आपल्या वीरांचे दोष झांकतां आले नसते काय? अवश्य आले असते. त्यांनीं ते झांकले नाहींत, हेंच आम्हांस त्यांच्या कथांतील सर्वांत मोलाचें वाटतें. राक्षस मारल्यावर माणसाची परीक्षा संपत नाहीं; ती परतीच्या वाटेवर खरी सुरू होते, असें त्यांस दिसलें होतें. जातांना भय असतें, आणि भय माणसाला सावध ठेवितें, नम्र ठेवितें, मदतीचा हात धरावयास लावितें. परततांना हातांत लोंकर असते. तेव्हां कोणाचा दोरा धरून आपण बाहेर आलों, याची आठवण ठेवण्यास दुसऱ्या जातीचें बळ लागतें.

हें बळ त्या वीरांत कोणांतच नव्हतें असें मात्र नाहीं. पर्सियस पाहा. त्याला व त्याची आई डॅनी हिला पेटींत घालून समुद्रांत सोडून दिलें होतें. सेरिफॉस बेटावरील डिक्टिस नांवाच्या कोळ्यानें तीं दोघें बाहेर काढून पोसलीं. तेथील राजानें त्या मातेचा अभिलाष धरला, आणि मुलगा आड येऊं नये म्हणून त्याला मेडूसेचें शिर आणावयास पाठविलें. पर्सियसानेंही सर्व साहित्य उसनेंच घेतलें: पंखांच्या वहाणा, अदृश्य करणारी टोपी, शिर ठेवण्याची पिशवी. मेडूसेकडे सरळ पाहणारा दगड होई, म्हणून ढालींतील प्रतिबिंब पाहून त्यानें तिचें शिर उतरविलें. परंतु आम्हांस त्याची थोरवी याच्या पुढें दिसते. वाटेंत ज्या अँड्रोमेडेला त्यानें जलराक्षसापासून सोडविलें, तिच्याशीं विवाह करून तो तिला बरोबर घेऊन आला, आणि पुढें टाकिली नाहीं. आईला त्यानें संकटांतून सोडविलें. बेटाचें राज्य स्वतः न घेतां त्या कोळ्यास, डिक्टिसास, दिलें. वहाणा, टोपी, पिशवी हीं ज्यांचीं त्यांस पोहोंचविलीं, आणि मेडूसेचें शिर अथीनीस अर्पण केलें. उसनें घेतलेलें सर्व परत करून रिकाम्या हातांनीं उभा राहिलेला हा वीर आम्हांस सोन्याची लोंकर खांद्यावर टाकलेल्या जेसनाहून पुष्कळ उंच दिसतो.

ओडिसियसाची गोष्टही अशीच. दहा वर्षें युद्धांत व दहा वर्षें परतीच्या वाटेवर गेलीं. तोही निर्दोष नव्हता. त्याचे सर्व सोबती वाटेंत नष्ट झाले. तथापि कॅलिप्सो देवीनें माझ्याजवळ राहा, तुला अमर करतें, असें म्हटलें असतां त्यानें अमरत्व नाकारून खडकाळ इथाका बेट आणि वय होत चाललेली पत्नी पसंत केली. होमरानें सबंध एक महाकाव्य या घरीं परतण्यावर रचिलें, तें उगाच नव्हे.

आतां आमच्याकडे वळूं. कांहीं वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गांवीं एका तरुणाच्या सत्कारास जाण्याचा प्रसंग आला. मोठी परीक्षा उत्तम रीतीनें उतरून तो मोठ्या पदावर चढला होता. उत्तरादाखल त्यानें सुंदर भाषण केलें. आपली जिद्द, आपलीं जागरणें, आपली चिकाटी यांचें वर्णन करून त्यानें अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, चालकांचे आभार मानिले. शेजारच्या गृहस्थानें आम्हांस हळूच सांगितलें कीं, शेवटच्या रांगेंत बसलेली ती बाई याची थोरली बहीण. वडील वारल्यावर सातवींतून शाळा सोडून तिनें शिवणकाम धरलें आणि याची फी भरली. भाषण संपलें, टाळ्या झाल्या; तिचें नांव आलें नाहीं. ती मात्र सर्वांहून अधिक वेळ टाळ्या वाजवीत होती. त्या तरुणाच्या मनांत कांहीं दुष्टावा होता असें आम्हांस वाटत नाहीं. त्याला आठवण राहिली नाहीं, इतकेंच. थीसियसालाही आठवणच राहिली नव्हती.

शुभवर्तमानांत दहा कुष्ठरोग्यांची हकीकत आहे. दहाही जण शुद्ध झाले. परत फिरून आभार मानावयास एकच आला, आणि तो शोमरोनी होता. बाकीचे नऊ कोठें आहेत, असें प्रभूनें विचारलें. ग्रीक कथांत जो प्रश्न दुःखानें सुचविलेला आहे, तोच येथें प्रेमानें उघड विचारलेला आहे, असें आम्ही समजतों. आणि आमच्या आठवीच्या वर्गांतील त्या मुलीनें, नकळत कां होईना, तोच प्रश्न विचारला होता.

कोणी म्हणेल, “म्हणजे शौर्याची किंमत कांहींच नाहीं काय? केवळ आभार मानिले कीं झालें?” तसें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. जो घरांतून निघालाच नाहीं, त्याला परतीची वाट कोठून असणार? बैल जुंपले पाहिजेत, भूलभुलैयांत शिरलें पाहिजे. अभ्यासाला भिऊन बसणाऱ्या विद्यार्थ्यास ग्रीक कथांत आसरा मिळावयाचा नाहीं. त्याचप्रमाणें मदत घेतल्यानें पराक्रम उणा होतो, असेंही कोणी समजूं नये. हेराक्लीझानें बहुमुखी हायड्रा मारली, तेव्हां तोडलेलें प्रत्येक मुंडकें पुन्हां फुटूं नये म्हणून त्याचा पुतण्या आयोलेअस हा माना डागीत होता. एवढ्यावरून, हें काम मोजणार नाहीं, असें युरिस्थियस राजा म्हणाला. हा राजा स्वतः भित्रा. हेराक्लीझ दाराशीं आला कीं पितळी रांजणांत लपून बसणारा. असल्या माणसाचा हिशेब आपण कां मान्य करावा? मदत घेणें हें हीनपणाचें लक्षण नव्हे. ती नाकबूल करणें हें होय.

शेवटीं पालकांसही दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. कारण राजा ईजियसाची कथा त्यांच्यासाठीं आहे. थीसियसाची चूक मोठी खरी. परंतु त्या वृद्धानें काय पाहिलें? शीड पाहिलें. जहाज धक्क्याला लागेपर्यंत तो थांबला असता, तर मुलगा धडधाकट उतरतांना त्याला दिसला असता. परीक्षेचा निकाल लागतो त्या दिवशीं कित्येक घरांत हेंच घडतें. मूल दारांतून आंत येण्यापूर्वींच गुणांचा आंकडा पाहिला जातो, आणि तो काळा दिसला कीं घरांत सुतक धरलें जातें. निकालाच्या दिवसांत कोंवळ्या मुलांनीं जिवाचें बरेंवाईट करून घेतल्याच्या बातम्या आपण सर्वांनीं वाचलेल्या आहेत. आईबापहो, शीड कोणत्याही रंगाचें असो. जहाजावर तुमचें मूल आहे. तें उतरेपर्यंत थांबा, आणि त्याला आधीं घरांत घ्या.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं या वर्षीं शालान्त परीक्षेस बसून ही शाळा सोडाल. तुम्हांपैकीं प्रत्येकाची सोन्याची लोंकर कोठें तरी टांगलेली आहे. ती तुम्हांस मिळो, अशी आमची प्रार्थना आहे. ज्या दिवशीं ती मिळेल, त्या दिवशीं सायंकाळीं क्षणभर स्वस्थ बसून एक यादी करा. दोरा कोणी दिला, वल्हें कोणी मारलें, पहाटे उठून डबा कोणी भरला, कोणी आपलें शिक्षण सोडून तुमचें चालविलें, हें तींत लिहा. आणि मग उठून त्या माणसांच्या घरीं जा. पत्र पाठवूं, पुढें कधीं तरी भेटूं, असें म्हणूं नका. शीड बदलावयाचें राहून जातें तें असेंच.

राहतां राहिला आमचा स्वतःचा दोष. पुस्तक अर्ध्यावर मिटून आम्हीं त्या मुलीला खालीं बसविलें, हें बरें केलें नाहीं. पुढील वर्षीं जेसनाची कथा पुन्हां वर्गांत येईल, तेव्हां ती आर्गोच्या कुजलेल्या लांकडापर्यंत सांगण्याचा आमचा निश्चय आहे. ती विद्यार्थिनी तेव्हां नवव्या इयत्तेंत असेल. तिला तेवढ्या तासापुरतें आठवीच्या वर्गांत येऊन बसण्यास आम्ही आदरपूर्वक बोलावणार आहों. कारण त्या कथेचा शेवट ऐकण्याचा पहिला हक्क तिचा आहे.